जुना फॉर्म

विस्कॉन्सिनच्या त्या चीज कारखान्यात पगारातून कर कापायचं काम मार्लिसकडे होतं. कर किती कापायचा ते ठरवणाऱ्या फॉर्मवर कामगार लिहील ते मान्य करायचं, खातरजमा करत बसायचं नाही. मात्र आपणच लिहिलेलं खोटं आहे असं तो म्हणाला, तर नवा फॉर्म बाद आणि जुना लागू, असा नियम होता.

जानेवारीत ड्वेनने नवा फॉर्म आणून दिला. ‘मुलं’ या रकान्यात एकाच्या जागी शून्य होतं. त्याची लेक कोरीन जाऊन तीन महिने झाले होते.

“सगळं बरोबर लिहिलंयस ना रे?” मार्लिसने सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

ड्वेन दारापर्यंत जाऊन थांबला. “खोटं आहे गं ते.”


मार्लिसने शून्याचा कागद फाडला आणि नियमाप्रमाणे एक मुलगी असलेला जुना फॉर्म पुन्हा लावला.