अडलेली पंगत

ताटं रिकामी झाली होती, हात वाळायला लागले होते, तरी पंगतीतून कोणी उठत नव्हतं. सगळे माणिकरावांच्या तोंडाकडे बघत होते.

डोणगावातल्या या घराची रीतच तशी. घरातल्या थोरल्याने ढेकर दिल्याशिवाय पंगत हलायची नाही. आणि माणिकरावांचा ढेकर म्हणजे साधासुधा नव्हे. गल्लीच्या टोकाला झोपलेली कुत्री उठून बसायची. आज नातीचं नाव ठेवलं, मंजुश्री. बुद्धवंदना झाली, वरण-बट्टी झाली, वांग्याची भाजी दोनदा फिरली. राहिला होता तेवढा ढेकर.

तो पोटातच होता. बट्टी अजून घशाखाली उतरत नव्हती, म्हणून माणिकरावांनी नुसता वरणात कालवलेला मऊ भात खाल्ला होता. तेवढ्यानेही पोट तट्ट फुगलं. वारा छातीखाली येऊन धडका देत होता आणि तिथूनच मागे फिरत होता.

ऑपरेशनला दोन महिने झाले होते. रात्री घशाशी येणारं आंबट पाणी थांबलं, हे खरं. त्यासाठी पोटाचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवला होता. असा वेढा अर्धाही घालता येतो, त्यात ढेकर तरी सुटतो, हे त्यांना मागाहून अकोल्याच्या एका डॉक्टरने सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या मनाला चैन नव्हतं. पण विचारणार कोणाला? वेढा घालणारा धम्मरत्न त्यांचा सख्खा पुतण्या, गावातला पहिला सर्जन, आणि आत्ता त्यांच्याच मांडीला मांडी लावून जेवायला बसलेला. आपलेच दात, आपलेच ओठ.

समोर शेजारचे अर्जुनराव होते. त्यांनाही तीच जळजळ, आणि सोमवारी धम्मरत्नकडेच त्यांचं ऑपरेशन होतं.

"माणिकराव, तुमच्याकडं पाहूनच तयार झालो मी," ते म्हणाले. "बरं वाटते न आता?"

"हाव. जळजळ नाही आता."

खोटं काहीच नव्हतं त्यात. तरी माणिकरावांना त्यांच्याकडे बघवेना.

"दादा, दे न ढेकर!" दारातून त्यांची बहीण सिंधूताई ओरडली. भाचीच्या लेकीसाठी ती सोनाळ्याहून आली होती. "दुसरी पंगत उभी हाये इकडं. भूक लागली आमाले!"

सगळे हसले. जनकाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. नवऱ्याचं पोट त्या रोज रात्री चोळून देत होत्या.

माणिकरावांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं. बाहेर काहीच आलं नाही. हळूहळू हसणं थांबलं.

"मोठेबाबा, जोर नका लावू," धम्मरत्न हळूच म्हणाला. "सैल पडते थोड्या दिवसानं."

"बापू, अर्धाच वेढा काऊन नाही घातला?"

त्यांना हे कानात विचारायचं होतं. पण अंगण इतकं गप्प झालं होतं की पंगतीच्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

धम्मरत्नचा चेहरा उतरला. "अर्धा ढिला पडला असता त पुन्हा ऑपरेशन आलं असतं. तुमचे हाल मले पाहवत नव्हते, मोठेबाबा. घरचं माणूस म्हणून पक्कं केलं."

पोरानं रागवायलाही जागा ठेवली नव्हती. माणिकरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

समोरून अर्जुनरावांनी विचारलं, "आन् माह्यं कसं करसान, डॉक्टरसाहेब? मी त घरचा नाही."

कोणी हसलं नाही. धम्मरत्न उठायला निघाला, एक हात जमिनीला टेकला. मग त्याची नजर माणिकरावांच्या मिटलेल्या ओठांकडे गेली, आणि त्याने पुन्हा मांडी घातली.