दाजींच्या पुस्तकातली रेघ

सयाजीच्या कादंबरीत कुणीतरी रेघ मारली होती! मोशीहून चाकणला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये तो ताडकन सरळ बसला. 'त्याने तिच्या केसांत गजरा माळला' या वाक्याखाली ठळक रेघ, आणि बाजूला शेरा: 'हं! असं नशीब लागतं.'

सयाजीला दरदरून घाम फुटला. असेंब्ली लाइनवर त्याच्या नुसत्या खाकरण्यानं पोरं सुतासारखी सरळ व्हायची. हा वाघ चोरून प्रेमकथा वाचतो हे फुटलं, तर संपलंच की सगळं! म्हणून तर त्यानं छापील पुस्तक सोडून ई-रीडर घेतला होता. बाहेरून मुखपृष्ठ दिसत नाही, कुणी काही विचारत नाही. आणि तरी मेलं कुणीतरी आत शिरलंच होतं.

दुसरं कोण असणार? धनेशच! सख्खा मेव्हणा, त्याच लाइनवर कामाला, आणि ई-रीडर सुरू करून देणाराही तोच. त्यात गड्याचं लग्न जमेना. गजरा वाचून उसासे तोच टाकणार. सयाजीनं बसमध्येच ई-रीडरला पिन टाकला, वायफाय बंद केलं, आणि कँटीनमध्ये धनेशला कोपऱ्यात घेतलं.

“माझं पुस्तक उघडतोस व्हय रे, भामट्या? आता पिन टाकलाय मी!”

“आईशप्पथ नाही, दाजी! आणि पिन टाकून काय उपयोग? खातं मी ताईच्या मोबाईलवरून काढलंय. तुमचं पुस्तक, तुमच्या खुणा, सगळं तिकडंही उघडतं, आणि तिकडचं इकडं. वेगळं खातं काढून देऊ का?”

सयाजीचा घास हातातच राहिला. ताई म्हणजे इंदू. त्याची बायको! ती पहाटे पहिल्या शिफ्टला जायची, तो दुपारी दुसरीला. ती घरी पोचायची तेव्हा हा निघालेला, हा पोचायचा तेव्हा ती झोपलेली. गुरुवारी दोघांनाही सुट्टी, तर ती धुण्यात आणि हा घोरण्यात. कैक वर्षं दोघांचं बोलणं म्हणजे 'डबा घेतला का' आणि 'गॅस संपलाय'. आणि हीच इंदू तिच्या कंपनीच्या बसमध्ये बसून त्याचीच कादंबरी वाचत होती! सयाजीला असं काही हसू फुटलं, की शेजारच्या टेबलावरची पोरं घाबरून उठली.

“खातंबितं काही नको,” तो म्हणाला. “आधी ते वायफाय चालू कर.”

दुसऱ्या दिवशी कामाला निघण्याआधी त्यानं चौकातून मोगऱ्याचा गजरा आणला, फ्रिजमध्ये ताकाच्या भांड्यावर ठेवला, आणि नव्या नवरदेवासारखा लाजून पळत सुटला.

त्याच्या पुढच्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या त्यानं ई-रीडर उघडला. गजऱ्यावरचा शेरा पुसलेला होता. इंदू वाचत वाचत त्याच्या पुढं निघून गेली होती. नायक-नायिका महाबळेश्वरला निघतात, तिथं नवीकोरी रेघ, आणि बाजूला शेरा:

'येत्या गुरुवारी मी धुणं काढणार नाही. तुम्हीही झोपू नका.'