आईच्या नावाचं झुडूप

टाळ्या थांबल्या नव्हत्या, तोच सभागृहाचं मागचं दार ढकलून बाबा आत आले. हातात प्लास्टिकची बादली, बादलीत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली आणि चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या पोराचं हसू.

व्यासपीठावर उभ्या असलेल्या लेकीला आधी बरंच वाटलं. बाबा तिच्या कुठल्याच कार्यक्रमाला येत नसत. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. "तुमच्या त्या लॅटिनमध्ये मी काय दिवे लावणार," म्हणायचे. आज मात्र आले होते. तिने शोधलेल्या नव्या झुडपाला तिने आईचं नाव दिलं होतं. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. वनस्पतिशास्त्र संस्थेच्या संचालकांनी आत्ताच सगळ्यांना सांगितलं होतं, की तमालपत्राच्या कुळातलं हे झुडूप साऱ्या पर्जन्यवनात एकाच जागी सापडलंय. एकच झाड. दुसरं अजून कुणाच्या दृष्टीस पडलेलं नाही.

बाबांनी बादली थेट टेबलावर ठेवली, पुष्पगुच्छ कोपराने बाजूला सारले आणि गोणपाट सोडलं.

आधी वास आला. किंचित तिखट, किंचित गोड. मग कोमेजलेली पानं दिसली आणि सगळ्यांत खालच्या फांदीला तिने स्वतःच्या हाताने बांधलेली लाल फीत.

ती टेबलाजवळ आली.

"ओढ्यावरच्या उतारावरचं?" आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"तेच ते! तू दाखवायला नेलं होतंस ना मला? जागा पक्की ध्यानात होती. गुडघा बोंबलत होता, म्हटलं बोंबल लेका."

पुढच्या रांगेत कुणीतरी उभं राहिलं. संचालकांच्या हातातला माइक चालूच होता. त्यांचा श्वास सभागृहभर ऐकू येत होता.

"मुळं, बाबा?"

"बेटं खडकात घुसलेलं. पहार लावली तेव्हा कुठे हललं. थोडी तुटली असतील. वाटेत ऊनही लागलं, म्हणून मान टाकलीय. पाणी मिळालं की उठेल."

तिने खोड उचललं. खाली नुसतं कटकन मोडलेलं लाकूड होतं. मुळाचा एक तंतू म्हणून नव्हता. नखाने साल खरवडली. सालीखाली हिरवं दिसायला हवं होतं. तपकिरी दिसलं. थोडं वर खरवडलं, मग फांदीवर, मग शेंड्याजवळ. सगळीकडे तेच.

"पण का आणलंत?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. "अगं, तिच्या नावाचं ना ते? तूच म्हणालीस, एवढ्या रानात ते एकटंच आहे. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या. तिला अंधाराची किती भीती वाटायची, तुला ठाऊक नाही का? म्हटलं, इथे तुझ्या काचघरात राहील. माणसांत राहील."

"अहो, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय..." संचालक पुढे सरसावले. तिने हात वर केला. ते जागीच थांबले.

बाबांचं हसू ओसरू लागलं. त्यांनी समोरच्या लोकांकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"काही चुकलं का गं माझं?"

तिने टेबलावरची पाण्याची बाटली घेतली. झाकण फिरवायला तिला वेळ लागला. उघडलेली बाटली तिने त्यांच्या हातात दिली.

"घाला पाणी, बाबा."

बाबा ओणवे झाले आणि पानांवर पाणी शिंपडू लागले. तिने हलकेच त्यांचं मनगट धरलं.

"पानांवर नको," ती म्हणाली. "मुळाशी घाला."