दिवा म्हणाला, पाहिलं

"तुझा दिवाच बिघडला असणार," नाचणीची पेज वाटीत ओतत ऋजुता म्हणाली. "कुणी पाहिलं असतं, तर थांबलं नसतं का गं?"

हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या मैथिलीने आपल्या या बालमैत्रिणीकडे बघत उशीखाली हात सरकवला.

सायकलींच्या मागच्या दिव्यांत कॅमेरा आणि रडार आल्यापासून घाटात कुणी मागे वळून बघत नसे. मागच्या चालकाची नजर आपल्यावर पडली, की दिवाच सांगायचा, "पाहिलं." त्या एका शब्दाच्या भरवशावर सगळे निर्धास्त उतरायचे.

सायकल संघाच्या निवड चाचणीच्या सकाळी अंग मोकळं करायला निघालेली मैथिली मांडीचं हाड मोडून चरात पडली, तेव्हाही दिवा म्हणाला होता, "पाहिलं." तिला हायसं वाटलं. पण मागून आलेली गाडी थांबली नाही. मदत येईपर्यंतचे दोन तास तिने दिव्याला शिव्या घालण्यात काढले. तिकडे चाचणीत ऋजुता पहिली आली.

आज दुरुस्तीवाले तांबोळी दिवा परत देऊन गेले होते. "ताई, याला काही झालेलं नाही," म्हणत त्यांनी त्यातलं शेवटचं चित्र दाखवलं होतं. गाडीच्या काचेमागे ऋजुताचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

मैथिलीने उशीखालून दिवा काढला आणि ऋजुताकडे तोंड करून ठेवला. ऋजुताने मान वर केली.

"पाहिलं," दिवा म्हणाला.

"पेज गार होतेय," ऋजुता पुटपुटली. त्यानंतर दिवा गप्पच राहिला, कारण तिने पुन्हा वर बघितलंच नाही.