लोकर मागे

अर्धांगाचा झटका आल्यापासून आईची वाचाच गेली होती. बघायची सगळं, पण तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता. तिचा अर्धवट राहिलेला स्वेटर आपणच पुरा करावा, असं क्रेन चालवणाऱ्या तिच्या लेकाने मनावर घेतलं. शेजारच्या काकूंनी आईच्या पलंगाजवळ बसूनच त्याला शिकवायला सुरुवात केली.

"लोकर मागे ठेवायची, सुई टाक्यात घालायची, लोकरीचा एक वेढा द्यायचा आणि तो टाक्यातून ओढून घ्यायचा. झाला सुलट टाका."

टनावारी लोखंड अलगद उतरवणाऱ्या त्या हातांना लोकर काही दाद देईना. कधी टाका सुटायचा, कधी गुंता व्हायचा. पलंगावर आईची नुसती चुळबुळ चालली होती. त्याने पुन्हा लोकर पुढे घेतली, तशी ती कडाडली, "गाढवा! मागे!"

काकूंच्या हातातून सुई गळून पडली. तो तर रडतही होता आणि हसतही होता.

त्यानंतर रोज तो चुकायचा आणि रोज आईला नवा शब्द सापडायचा. "आंधळ्या!" झालं, "उसव सगळं!" झालं, एकदा तर "बापावर गेलास अगदी!" असं अख्खं वाक्य आलं.

एका संध्याकाळी काकूंना तो जिन्यात बसून विणताना दिसला. हात सपासप चालले होते, एक टाका इकडचा तिकडे नाही.

"अरे, तुला तर झकास जमतंय की!"

"हळू बोला, काकू," तो दाराकडे बघत कुजबुजला. "तिला कळलं, तर पुन्हा गप्प बसेल."