त्या दिवसाचा भाव

“काकू, घर विकलं की आलेला सगळा पैसा आपला, असं नसतं,” टॅक्सवाला म्हणाला आणि त्याने लॅपटॉप आईकडे वळवला. या परक्या देशात आपली भाषा बोलणारा करसल्लागार मुलाने मुद्दाम शोधून आणला होता. पडद्यावरचं आईला काही दिसत नव्हतं, तरी तिने मान डोलावली. दलालाचं कमिशन, वकिलाची फी, नोंदणीचा खर्च, हे सगळं तिने मनातल्या मनात केव्हाच वजा केलं होतं. उरलेल्या पैशात तिकडे मायदेशी, धाकट्या बहिणीच्या शेजारचा दोन खोल्यांचा फ्लॅट येतो की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. बहिणीने तो कसाबसा धरून ठेवला होता. रोज फोन करून विचारायची, “अगं, निघतेस ना?”

घर विकायचं खूळ आईचं नव्हतंच. मुलांनीच तिचा पिच्छा पुरवला होता. जिना तुझा जीव घेईल, बागेतलं गवत कोण कापणार, एकटी पडलीस-झडलीस तर कळणार कुणाला. मुलगा रोज नवं काहीतरी काढायचा आणि मुलगी त्याची री ओढायची. एरवी या दोघांचं कशावर एकमत होईल तर शपथ! शेवटी आई हो म्हणाली, आणि एकदा हो म्हटल्यावर मात्र तिलाच जायची ओढ लागली. तिने भराभर भांडी वाटून टाकली. आज चौघांचा चहासुद्धा चार तऱ्हेच्या कपांत होता.

“खरी मेख पुढेच आहे,” टॅक्सवाला म्हणाला. “तुम्ही घेतलंत तेव्हा हे घर मातीमोल भावात मिळालं. आज भाव आठपट झालाय. ही जी वाढ आहे ना, तिच्यावर कर. चौथा हिस्सा गेला म्हणून समजा.”

“चौथा हिस्सा!” मुलगी ओरडलीच. “अहो, हा कर आहे की दरोडा?”

“काहीतरी पळवाट असेल की,” मुलगा म्हणाला. “नाहीतर तुम्हाला कशाला बोलावलंय?”

“पळवाट कशाला, सरळ कायदाच आहे.” टॅक्सवाल्याला एकदम हुरूप आला. हुशारी दाखवायची संधी मिळाली की काही माणसांना समोर कोण बसलंय याचं भान राहत नाही. “आत्ता विकायचंच नाही. घर वारशाने मुलांकडे येऊ द्यायचं. मग तो जुना भाव बाद, त्या दिवसाचा भाव धरतात. वाढ शून्य, कर शून्य. दुसऱ्या दिवशी विकायला मोकळे!”

“त्या दिवसाचा म्हणजे कुठल्या?” आईने विचारलं.

“म्हणजे... तसं नाही काकू, तुम्ही शंभर वर्षं जगा...”

“मी मेले त्या दिवसाचा. सरळ सांगा की.”

मुलगा पडद्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. चौथा हिस्सा भागिले दोन. लहानपणी पाढे म्हणतानाही त्याचे ओठ असेच हलायचे, तेव्हा तिला कोण कौतुक वाटायचं. आता तिने नजर दुसरीकडे वळवली.

मुलगी उठून आईला खेटून बसली. वर्षभरात ती इतक्या जवळ बसली नव्हती. “आई, मी म्हणते एवढी घाई कशाला? आपलं घर ते आपलं घर. तिकडे मावशीपाशी तुझा जीव रमणार आहे का?”

“आणि जिना?”

“जिन्याचं काय घेऊन बसलीस!” मुलगा म्हणाला. “पलंग खाली आणू. गवत मी कापतो. दर रविवारी येत जाईन.”

कालपर्यंत हाच जिना तिचा जीव घेणार होता. आज त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. आईला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, त्या तिऱ्हाईत माणसासमोर. तिने कप खाली ठेवला.

“मग मावशीला काय सांगू?”

“सांग की, थोडं थांब म्हणावं.”

“किती?”

मुलाने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने टॅक्सवाल्याकडे पाहिलं. टॅक्सवाल्याने हळूच लॅपटॉप मिटला.

“अंदाजे सांगा रे,” आई म्हणाली. “तिला काहीतरी तारीख द्यायला हवी.”