स्वयंपाकघरातली डिकी

नवऱ्याने लांबलचक जुनी अमेरिकन गाडी हौसेने घेतली, पण गॅरेज मोजायचं राहिलं. दार लागेना, म्हणून मागची भिंत फोडली आणि डिकी स्वयंपाकघरात आली. बायको गाडीला सवत म्हणायची. आता नजर अधू झाल्यामुळे नवऱ्याने जड मनाने गिऱ्हाईक बोलावलं. गिऱ्हाईक शौकीन होतं. बॉनेट कुरवाळत म्हणालं, "काका, सगळं मूळ अवस्थेतलं हवं. डिकी बघू?" स्वयंपाकघरात बायकोने डिकी उघडली. आत तांदूळ, साखर आणि कांदे होते. रविवारी गाडी निघाली की हेही सगळं फिरून यायचं. "काकू, ही रिकामी कधी कराल?" "नाही करणार." "पण काकांनी गाडी विकायला काढलीय!" "त्यांनी पुढची बाजू विकावी," बायको कांदे निवडत म्हणाली, "मागची माझी." गिऱ्हाईक गेलं. नवरा स्टिअरिंगमागे बसला. बायकोने सवतीची डिकी अलगद लावली. "चहा तिथेच आणू?"